मऊ पाण्याचा व्यवहार : घरातला वॉटर सॉफ्टनर समजून घेऊ आणि नीट सांभाळू



नागपुरात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा अशा वाढत्या भागांत बोअरच्या पाण्यावर चालणारी घरं पुष्कळ आहेत. बादलीला पांढरा थर बसतो, शॉवरची भोकं बुजतात, गिझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागते, केस राठ होतात. मग कुणीतरी सांगतं, "सॉफ्टनर बसवा." सॉफ्टनर बसतो, पहिले दोन महिने सगळे खूश असतात. त्यानंतर तीन प्रश्न हमखास येतात. टीडीएस मीटर तोच आकडा का दाखवतं? एवढं मीठ का लागतं? आणि हे पाणी प्यायचं की नाही?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच वाक्यात आहे. सॉफ्टनर हे गाळणं नाही, तो अदलाबदलीचा व्यवहार आहे. तो पाण्यातून काही घेतो तेव्हा त्या बदल्यात काही देतोही, आणि जे घेतलं ते शेवटी घराबाहेर कुठेतरी सोडतो. हा हिशोब कळला की यंत्र सांभाळणं सोपं होतं. शिवाय आठवी ते दहावीच्या मुलांना आयन, विस्थापन, शेकडेवारी आणि मातीचं रसायन शिकवायला घरातच एक प्रयोगशाळा मिळते. आजचा पाठ त्यासाठी.

१. पाणी जड का होतं?

आपण बोलताना "जड पाणी" किंवा "खारं पाणी" म्हणतो, पुस्तकात "दुष्फेन पाणी" म्हणतात. फेन म्हणजे फेस. ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते दुष्फेन, ज्यात होतो ते सुफेन. मुलांना शब्द फोडून सांगितला की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

पाण्याला जडपणा येतो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंच्या आयनांमुळे. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि खडकातून हे क्षार विरघळवत खाली जातं. आपल्या शहराच्या पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना ग्नाईस. बोअरचं पाणी अशा खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षं थांबलेलं असतं, म्हणून त्यात क्षार जास्त. महानगरपालिकेचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचं. ते जमिनीवरून वाहत येतं, खडकाशी त्याचा सहवास कमी, म्हणून बोअरच्या तुलनेत ते साधारणपणे मऊ असतं. एकाच गल्लीतल्या दोन बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा आपला समजू नका.

जडपणा मोजायचं एकक म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतं.

जड पाणी म्हणजे विषारी पाणी, असा समज मुलांच्या मनात बसू देऊ नका. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतात. त्रास होतो तो मुख्यतः साबणाला, गिझरला आणि डाळीला. साबणाशी कॅल्शियमचा संयोग झाला की फेसाऐवजी चिकट पांढरा साका तयार होतो, तोच बादलीच्या कडेला आणि केसांवर बसतो. पाणी तापवलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, ते गिझरच्या कॉइलवर दगडासारखं चिकटतं आणि उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचू देत नाही. तुरीची डाळ शिजत नाही, कारण डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट करतं. घरोघरी आजी चण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायची. सोड्यातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि चणे मऊ होतात. सॉफ्टनरचं तत्त्व स्वयंपाकघरात आधीपासून होतं, फक्त त्याला यंत्र नव्हतं.

२. सॉफ्टनरच्या आत काय घडतं?

उभ्या टाकीत रेझिनचे बारीक, पिवळसर मणी भरलेले असतात, साधारण मोहरीच्या दाण्याहून लहान. हे एक खास प्लास्टिक आहे. त्याच्या साखळीला ऋणभारित गट कायमचे जोडलेले असतात आणि प्रत्येक ऋणभाराजवळ एक सोडियमचा धनभारित आयन बसलेला असतो.

जड पाणी या मण्यांमधून जाताना कॅल्शियमचा आयन येतो. त्याच्यावर दोन धनभार, सोडियमवर एक. दोन भारांचा आयन रेझिनला जास्त घट्ट धरतो, म्हणून एक कॅल्शियम आत बसतो आणि दोन सोडियम बाहेर पडतात. मॅग्नेशियमचंही तसंच. भाराची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी राहते. दहावीच्या विज्ञानात रासायनिक अभिक्रियांच्या पाठात दुहेरी विस्थापन शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

वर्गात मी बसमधल्या जागांचं उदाहरण देते. दोन सीटच्या बाकावर दोन लहान मुलं बसली आहेत. एक भारदस्त काका येतात, मुलं उठतात, काका दोन्ही जागा घेऊन बसतात. बस काकांनी भरली की नवीन काकांना जागा नाही, ते तसेच पुढे जातात. म्हणजे जड पाणी जडच बाहेर येतं. आता काकांना उठवायचं कसं? त्यासाठी मुलांची प्रचंड गर्दी आत सोडावी लागते. मिठाचं पाणी म्हणजे ती गर्दी. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. दाट मिठाच्या पाण्यात सोडियम इतकं जास्त असतं की कॅल्शियमची पकड सुटते, ते बाहेर पडतं आणि मणी पुन्हा सोडियमने भरतात. यालाच रिजनरेशन म्हणतात, मराठीत पुनर्भरण म्हणू. मीठ साफसफाईसाठी नाही, ते या व्यवहाराचं भांडवल आहे.

या शोधाची सुरुवात शेतातून झाली हे मुलांना जरूर सांगा. १८५० साली इंग्लंडमध्ये एच. एस. थॉम्पसन आणि जे. टी. वे यांनी दाखवलं की खतातलं अमोनियम मातीत धरून ठेवलं जातं आणि त्या बदल्यात मातीतून कॅल्शियम बाहेर येतं. १९०५ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी झिओलाइट खनिजं वापरून पाणी मऊ केलं. १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम रेझिन बनवलं. मातीचा हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३. टीडीएस मीटर इथे कामाचं नाही

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. क्षार कोणता, ते त्याला कळत नाही. सॉफ्टनरने कॅल्शियम काढून सोडियम घातलं, म्हणजे क्षार गेले नाहीत, बदलले. कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, सोडियमचं २३. एक कॅल्शियम गेला म्हणजे ४० वजा, दोन सोडियम आले म्हणजे ४६ जमा. वजनाने पाहिलं तर क्षार कणभर वाढलेच. म्हणून आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ७०० असेल तर बाहेर येणाऱ्याचाही त्याच्या आसपास राहणार. हे यंत्र बिघडल्याचं लक्षण नव्हे.

सॉफ्टनर चालतो की नाही हे पाहायला जडपणाच मोजावा लागतो. त्यासाठी थेंबांची किट मिळते. ठरलेलं पाणी घ्यायचं, बफर आणि रंगसूचक टाकायचा. पाणी जड असेल तर वाइनसारखा लाल रंग येतो. मग ईडीटीएचे थेंब मोजत टाकायचे, रंग निळा झाला की थांबायचं. थेंबांच्या संख्येवरून जडपणा निघतो. सॉफ्टनरमधून आलेल्या चांगल्या मऊ पाण्यात सूचक टाकताच रंग निळा येतो. किट नसेल तर साबणाची चाचणी आहेच, ती शेवटी उपक्रमात दिली आहे.

४. मीठ किती दिवसांनी? गणित करून पाहू

बहुतेक घरी पुनर्भरणाचे दिवस बसवणारा माणूस ठरवून जातो आणि ते तसेच चालू राहतात. हे गणित सातवी-आठवीच्या मुलाला सहज जमतं, त्यालाच करू द्या.

घरगुती सॉफ्टनरमध्ये २५ लिटर रेझिन आहे असं धरू. नेहमीच्या प्रमाणात मीठ दिलं तर एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं.

एकूण क्षमता : २५ × ५० = १२५० ग्रॅम.
बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम.
मऊ होणारं पाणी : १२५० ÷ ०.४ = ३१२५ लिटर.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांचं घर, म्हणजे ५४० लिटर.
३१२५ ÷ ५४० = ५.८ दिवस. थोडी राखीव क्षमता ठेवून दर ५ दिवसांनी पुनर्भरण करावं लागेल.

आता विचार करा. संडासच्या फ्लशला, अंगण धुवायला, झाडांना मऊ पाणी कशाला हवं? फक्त आंघोळ, गिझर, वॉशिंग मशीन आणि भांडी एवढ्यालाच मऊ पाणी दिलं आणि ते रोज ३०० लिटर धरलं तर :
३१२५ ÷ ३०० = १०.४ दिवस. म्हणजे दर १० दिवसांनी.

एका वेळेला लिटरमागे १२० ग्रॅम मीठ, म्हणजे २५ × १२० = ३ किलो. पहिल्या घराला महिन्यात ६ वेळा, १८ किलो लागेल. दुसऱ्या घराला ३ वेळा, ९ किलो. वर्षाला २१६ किलो आणि १०८ किलो! शिवाय प्रत्येक पुनर्भरणात साधारण १५० ते २५० लिटर पाणी नालीत जातं, तेही निम्मं वाचतं. मीठ वाचवायचं असेल तर कमी मीठ टाकू नका, मऊ पाण्याचे नळ कमी करा.

तुमच्या यंत्राची क्षमता आणि मिठाचं प्रमाण पुस्तिकेत असतं. वरच्या गणितात ते आकडे घाला.

५. पुनर्भरण पायरीपायरीने

स्वयंचलित यंत्र हे रात्री आपोआप करतं, हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हमध्ये आपण करायचं. क्रम दोन्हीकडे सारखाच.

पहिली पायरी, बॅकवॉश. पाणी खालून वर सोडतात. मणी उचलले जातात, मोकळे होतात, अडकलेला गाळ नालीत जातो. साधारण ५ ते १० मिनिटं. बोअरच्या पाण्यात बारीक रेती असेल तर ही पायरी कधीच गाळू नका.

दुसरी पायरी, मिठाचं पाणी. एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त ३६० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, म्हणजे ३ किलो मिठाला साडेआठ लिटर पाणी पुरतं. हे दाट द्रावण आत ओढलं जाताना वाटेत पातळ होतं, मण्यांपर्यंत पोहोचतं तेव्हा सुमारे १० टक्के राहतं. ते सावकाश जायला हवं, २० ते ३० मिनिटं. घाई केली तर मीठ जातं, काम होत नाही.

तिसरी पायरी, सावकाश धुणं. मीठ संपल्यावर साधं पाणी त्याच वाटेने हळू जात राहतं आणि उरलेलं मीठ पुढे ढकलतं.

चौथी पायरी, जोरात धुणं. ५ ते १० मिनिटं. नालीत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस बोअरच्या पाण्याइतका खाली आला की धुणं पूर्ण झालं. टीडीएस मीटरचा खरा उपयोग इथे आहे! त्यानंतर व्हॉल्व्ह पुन्हा सर्व्हिसवर.

मीठ ओढण्यासाठी पाण्याला दाब लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याने जेमतेम १ बार दाब मिळतो. सॉफ्टनर गच्चीवर टाकीच्या पायथ्याशीच बसवला तर तेवढाही मिळत नाही आणि मीठ पेटीतच राहतं. म्हणून तो खाली मोटारीनंतर बसवतात किंवा प्रेशर पंप देतात. मात्र मोटार आणि गच्चीवरची टाकी यांच्यामध्ये बसवला तर फ्लशचंही पाणी मऊ होतं आणि वरचं गणित बिघडतं. नवीन घर बांधत असाल तर दोन टाक्या, दोन पाइपलाइन आधीच ठेवा. नंतर भिंती फोडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

६. देखभालीचं वेळापत्रक

आठवड्याला : मिठाच्या पेटीचं झाकण उघडून पाहा. मीठ पाण्याच्या वर दिसलं पाहिजे. बाहेर येणाऱ्या पाण्याची जडपणाची चाचणी घ्या आणि तारीख टाकून वहीत लिहा. हे काम घरातल्या मुलामुलीकडे द्या.

महिन्याला : मिठात काठी घालून पाहा. पावसाळ्याच्या दमट हवेत वर मिठाची कडक पापडी धरते आणि खाली पोकळी राहते. वरून पेटी भरलेली दिसते, पण पाण्याला मीठ लागतच नाही. लाकडी काठीने हलकेच फोडा. सॉफ्टनरच्या आधीच्या गाळणीचं कार्ट्रिज धुवा किंवा बदला.

सहा महिन्यांना : मिठाची पेटी रिकामी करून तळाचा गाळ धुवा. मीठ ओढणारा बारीक इंजेक्टर उघडून स्वच्छ करून घ्या.

वर्षाला : बोअरच्या पाण्याचा जडपणा उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा मोजा. पाणी खोल गेलं किंवा नवीन पाणी मुरलं की आकडा बदलतो, त्याप्रमाणे पुनर्भरणाचे दिवस बदला.

मीठ स्वच्छ घ्या. माती असलेल्या मिठाने इंजेक्टर बुजतो. स्वयंपाकाचं पिठासारखं बारीक मीठ ओलं होऊन त्याचा गोळा होतो. सॉफ्टनरसाठी मिळणाऱ्या मिठाच्या वड्या किंवा धुतलेलं जाडं मीठ बरं.

यंत्र सावलीत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात टाकी आणि प्लास्टिकचे पाइप लवकर म्हातारे होतात. उन्हाळ्याच्या सुटीत गावाला जाणार असाल तर यंत्राला बायपास करा आणि परतल्यावर एकदा पूर्ण पुनर्भरण करून मगच पाणी वापरा. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

लक्षणं आणि कारणं :
– पाणी जड येतंय, मीठ मात्र तसंच आहे : पापडी धरली, इंजेक्टर बुजला किंवा दाब कमी.
– पाणी जड येतंय, मीठ संपतंय : पुनर्भरणाचे दिवस लांब पडलेत, बायपास उघडा राहिलाय किंवा रेझिन थकलंय.
– नळाला खारट पाणी : धुणं अपुरं झालं किंवा नालीचा पाइप दबलाय.
– ठरलेल्या वेळी पुनर्भरण होत नाही : वीज गेल्याने घड्याळ मागे पडलंय.
– नळातून पिवळे मणी : आतली जाळी तुटली. यंत्र लगेच बायपास करा, माणूस बोलवा.
– मणी तांबूस-तपकिरी : पाण्यात लोह आहे. ते आधी काढायची सोय लागेल.

रेझिन नीट सांभाळलं तर साधारण ५ ते १० वर्षं टिकतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि बोअरच्या पाण्यातलं लोह हे त्याचे दोन मोठे शत्रू.

७. हे पाणी प्यायचं का?

प्यायचा आणि स्वयंपाकाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढलेला बरा. कारण पुन्हा हिशोबातच आहे. जडपणाच्या प्रत्येक १ मिलिग्रॅममागे ०.४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. ४०० जडपणाचं पाणी मऊ केलं तर लिटरला १८४ मिलिग्रॅम सोडियमची भर. उन्हाळ्यात ३ लिटर पाणी प्यायलं तर ५५२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १.४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्याच्या पावहिस्स्याहून जास्त भाग नुसत्या पाण्यातून गेला.

निरोगी माणसाला यातून लगेच काही होणार नाही. पण घरात रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील, तान्ह्या बाळाचं दूध पावडरपासून बनत असेल, तर हे पाणी वापरू नका आणि डॉक्टरांना आपल्या पाण्याबद्दल सांगा. जेवणातलं मीठ कमी करणाऱ्या आजोबांच्या तांब्यात नकळत मीठ जायला नको. सॉफ्टनरनंतर आरओ असेल तर तो बहुतेक सोडियम काढून टाकतो, आणि मऊ पाण्यामुळे त्याच्या पडद्यावर थरही कमी बसतो. मात्र आरओही पाणी नालीत सोडतो, हे विसरू नका.

आणखी एक. सॉफ्टनर जंतू मारत नाही, नायट्रेट किंवा फ्लोराईड काढत नाही. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत भूजलातल्या फ्लोराईडचा प्रश्न आहे. पाणी साबणाला छान लागलं म्हणजे ते शुद्ध झालं, असं नाही. बोअरचं पाणी पिणार असाल तर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्याच.

८. खारं पाणी जातं कुठे?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एका पुनर्भरणात ३ किलो मीठ गेलं. त्यातलं सोडियम काही प्रमाणात रेझिनवर बसलं. क्लोराईड मात्र सगळंच्या सगळं नालीत गेलं, कारण रेझिन फक्त धनभारित आयन धरतं. ५८.५ ग्रॅम मिठात ३५.५ ग्रॅम क्लोराईड, या हिशोबाने ते १.८२ किलो झालं. पिण्याच्या पाण्यात क्लोराईडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपलं एका वेळचं क्लोराईड ७,२८० लिटर क्लोराईड नसलेल्या पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

गटारलाइन असेल तर हे शहराच्या सांडपाण्यात मिसळतं. पण नवीन लेआउटमध्ये अनेक घरांचं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि त्याच प्लॉटवर बोअर असतो. क्लोराईड मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. आपणच आपल्या आणि शेजाऱ्याच्या बोअरमध्ये मीठ भरायला लागतो. पावसाचं पाणी मुरवण्यासाठी केलेल्या खड्ड्यात तर हे पाणी चुकूनही सोडू नका.

आता मातीचा धागा जोडू. आपल्या काळ्या मातीतले चिकणकण रेझिनसारखेच ऋणभारित असतात. चांगल्या जमिनीत त्यांच्यावर मुख्यतः कॅल्शियम बसलेलं असतं, त्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात, माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतं. तिथे सोडियम शिरलं की कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात. अशी माती ओली असताना चिखल होते आणि वाळल्यावर दगड. शेतकरी तिला चोपण जमीन म्हणतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. तिथे भूजल खारं आहे आणि जमिनीत सोडियम जास्त आहे, त्यामुळे विहिरीचं पाणी असूनही सिंचनाला लावता येत नाही. अशा जमिनीवर जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम देऊन सोडियम हटवतात. सॉफ्टनरच्या अगदी उलटा व्यवहार!

म्हणून अंगणातल्या संत्र्याला, तुळशीला, परसबागेला पुनर्भरणाचं पाणी घालायचं नाही, आणि सॉफ्टनरमधलं मऊ पाणीही रोज घालायचं नाही. झाडांना बोअरचं जड पाणी किंवा नळाचं पाणीच चांगलं. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. जे पाणी गिझरला नको, ते मातीला हवं.

नागपूरकरांचा आणखी एक प्रश्न, कूलरचा. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो, म्हणून मऊ पाणी द्यावंसं वाटतं. पण कूलर दिवसभर पाणी पितो, त्याने सॉफ्टनर लवकर संपतो. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत दाट होत जातात, हे थराचं मोठं कारण आहे. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी होऊ द्या. थर कमी होतो आणि डेंग्यूच्या डासांची अंडी-अळ्याही जातात.

९. वर्गासाठी आणि घरासाठी उपक्रम

उपक्रम १, फेस मोजा. तीन सारख्या बाटल्यांत सारखं पाणी घ्या : पावसाचं किंवा आरओचं, नळाचं, बोअरचं. साध्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून प्रत्येकीत १० थेंब टाका, २० वेळा हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. डिटर्जंट किंवा शाम्पू घेऊ नका, ते जड पाण्यातही फेस देतात. ज्यांच्या घरी सॉफ्टनर आहे त्यांनी पुनर्भरणाआधीचं आणि नंतरचं पाणी आणावं.

उपक्रम २, माती आणि खडू. दोन ग्लासांत पाणी आणि एकेक चमचा काळी माती. एकात अर्धा चमचा धुण्याचा सोडा, दुसऱ्यात अर्धा चमचा फळ्याच्या खडूचा चुरा (हा खडू बहुधा जिप्समचा असतो). ढवळून एक दिवस ठेवा. खडूचा ग्लास निवळतो, सोड्याचा गढूळ राहतो. सोडियम कण सुटे करतं, कॅल्शियम त्यांना एकत्र आणतं. सोडा मुलांच्या हातात देऊ नका, शिक्षकांनी टाकावा.

उपक्रम ३, घराचा ताळेबंद. महिनाभर मिठाचं वजन, पुनर्भरणाच्या तारखा आणि जडपणाची नोंद ठेवा. महिन्याच्या शेवटी किती लिटर पाणी मऊ झालं याचा अंदाज काढा.

विचार करायला प्रश्न :
(१) १२५० ग्रॅम जडपणा काढायला प्रत्यक्षात किती मीठ पुरेसं आहे? ५० ग्रॅम जडपणाला ५८.५ ग्रॅम मीठ लागतं. (उत्तर : सुमारे १४६० ग्रॅम. आपण ३००० ग्रॅम दिलं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त मीठ न वापरताच गेलं.)
(२) जडपणा ४०० ऐवजी ६०० झाला तर ३०० लिटर रोज वापरणाऱ्या घराला किती दिवसांनी पुनर्भरण लागेल? (उत्तर : सुमारे ७ दिवसांनी.)
(३) पाणी उकळून थोडं मऊ होतं, मग घरोघरी तसंच का करत नाहीत? मुलांना इंधनाचा हिशोब करायला लावा.

पालकांना शेवटी एवढंच. सॉफ्टनर घ्यायचा की नाही हे पाण्याचा जडपणा मोजल्यावर ठरवा. १५०-२०० जडपणा असेल तर कदाचित गरजच नाही, साबण थोडा जास्त लागेल इतकंच. घेतलाच, तर त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवा : बोअरचा जडपणा किती, पुनर्भरण किती दिवसांनी, मीठ किती, आणि नालीचं पाणी कुठे जातं. पहिल्या तीन ओळी मुलं गणित करून भरतील. चौथी ओळ भरण्यासाठी त्यांच्याबरोबर घराच्या मागे जाऊन तो पाइप कुठे संपतो ते स्वतः पाहून या.